कोचिंगचा कोर्स करायचाय, बी.पी.एड. करू, एनआयएस करू की जिमवालं सर्टिफिकेट? आणि इंग्लिशचं काय?

सातपूरची_धावपटू
नमस्कार सगळ्यांना. मी सातपूरला राहते, बी.ए. झालंय, कॉलेजात 800 मीटर पळायचे, विद्यापीठाच्या टीममध्ये पण होते. आता सकाळी गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर काही मुलामुलींचा सराव घेते आणि संध्याकाळी एका जिममध्ये लेडीज बॅच. मुलं बरीचशी पेठ, हरसूलकडची, इथे हॉस्टेलला राहतात, धावपटू कविता राऊत त्यांच्याच भागातली त्यामुळे पळण्याचं वेड आहे. मी शिकवते म्हणजे काय तर माझ्या सरांनी माझ्याकडून जे करून घेतलं तेच यांच्याकडून करून घेते, पण ते का करायचं हे मला सांगता येत नाही आणि मुलं आता विचारायला लागलीत. एकाची नडगी सारखी दुखते, त्याला थांबवू की हळू पळू देऊ तेच कळत नाही.

आता नीट शिकायचंय. बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, पटियालाचं एनआयएस म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, जिममधले लोक म्हणतात इंटरनॅशनल सर्टिफिकेट कर, आणि कॉलेज रोडचा एक क्लासवाला तर फिटनेस ट्रेनर प्लस स्पोकन इंग्लिश असं पॅकेज देतोय आणि शंभर टक्के नोकरी म्हणतोय. घरी एकच प्रश्न, याने पगार सुरू होईल का. माझं इंग्लिश कच्चं आहे हेही खरं. कोणी यातलं काही केलं असेल तर प्लीज सांगा.

गंगापूररोडकर
ताई, आधी हे ठरवा की काम कुठे करायचंय, कारण हे तीन वेगवेगळे रस्ते आहेत. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर बहुतेक ठिकाणी बी.पी.एड. लागतं, पदवीनंतर दोन वर्षं, चार सेमिस्टर, त्याची राज्याची सीईटी असते आणि लेखीसोबत मैदानी चाचणी पण होते, त्यात तुमच्यासारखी पळणारी मुलगी मागे पडणार नाही. कॉलेजला एनसीटीईची, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या कोर्सना मान्यता देणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, मान्यता आहे ना ते स्वतः बघा, नुसतं बोर्डावर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

एका खेळाचं कोच व्हायचं असेल तर एनआयएस. 1961 पासूनची संस्था आहे, पटियालाच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात. एक वर्षाचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स पण आहे. तिथे तुमची खेळातली कामगिरी बघतात, म्हणून विद्यापीठाकडून खेळल्याची सर्टिफिकेटं सांभाळून ठेवा, लॅमिनेशन करू नका, झेरॉक्स काढा.

शंभर टक्के नोकरीवाल्याकडे आधी एकच मागा, सर्टिफिकेटवर सही कोणाची असणार ते लेखी द्या म्हणावं. माझ्या भाचीने असंच एका ठिकाणी पैसे भरले, शेवटी हातात आलं ते त्या क्लासचं स्वतःचंच छापील कागद, जिमवाले विचारत पण नाहीत. भयंकर चीड येते अशा लोकांची, पोरांच्या आईबापांनी ओव्हरटाइम करून साठवलेला पैसा असतो तो.

फिजिओ_सिडको
कोर्सचं इतर लोक सांगतीलच, आधी त्या नडगीवाल्या मुलाबद्दल बोलते कारण ते थांबू शकत नाही. बोटाने नडगीचं हाड आतल्या कडेने वरून खाली हळूहळू दाबत जा. लांबपर्यंत, म्हणजे चार बोटं किंवा त्याहून जास्त पट्ट्यात दुखत असेल आणि पळायला लागल्यावर जरा कमी होत असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त पळण्याने होणारं नडगीचं दुखणं, सराव कमी करायचा, शूज बघायचे, डांबरी रस्ता सोडून मातीवर आणायचं. पण एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेवर टचकन दुखत असेल, किंवा रात्री झोपेत, बसल्याबसल्या दुखत असेल तर पळणं त्या क्षणी बंद आणि ऑर्थोपेडिककडे न्या, हाडाला बारीक चीर असू शकते. आणि ती सुरुवातीला एक्सरेमध्ये दिसतेच असं नाही, त्यामुळे एक्सरे क्लिअर आला म्हणून लगेच पळवू नका.

हे सगळं तुला कोर्समध्ये शिकवलं पाहिजे आणि मी म्हणेन कोर्स निवडताना सिलॅबसमध्ये हेच शोध. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, दुखापती, सीपीआर म्हणजे हृदय बंद पडलं तर छातीवर दाब देणं, आणि वाढत्या वयातल्या मुलांचा सराव. तू 800 पळायचीस म्हणून तेच उदाहरण देते. दोन मिनिटांच्या आसपासची रेस, सगळ्यांना वाटतं नुसता स्पीड, म्हणून रोज तेच अंतर पुन्हा पुन्हा जीव तोडून पळायला लावतात. पण त्या रेसमधली निम्म्याहून जास्त एनर्जी ऑक्सिजन वापरून येते, म्हणून हळू लांब पळणं पण तेवढंच लागतं आणि दोन कठीण दिवसांच्या मध्ये सोपा दिवस लागतो. हे कळलं की मुलाने का विचारलं तर तुझ्याकडे उत्तर असतं. तसंच ते जास्तीत जास्त हार्ट रेट काढायचं 220 वजा वय. ती सरासरी आहे, माणसामाणसात दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्या आकड्यावर लेडीज बॅचला दमवू नकोस, बोलता येतंय का ते बघ, पूर्ण वाक्य बोलता आलं तर मध्यम व्यायाम चाललाय.

आणि सीपीआर उद्याच शीक, कोर्सची वाट बघू नको. मिनिटाला 100 ते 120 दाब, मोठ्या माणसाला किमान 5 सेंटिमीटर खोल, 30 दाबांनंतर 2 श्वास. वाचून येत नाही, पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करावं लागतं.

सॅनहोजेहून_नाशिककर
मी मूळचा पंचवटीचा, सध्या कॅलिफोर्नियात. बायकोने इथल्या कम्युनिटी कॉलेजात कायनेसिऑलॉजीचे, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचे क्लास केले म्हणून लिहितोय. इथे मला आवडलं ते हे की एकाच कॉलेजात सकाळी एक्सरसाइज सायन्सचा क्लास, दुपारी कोचिंगचा, आणि संध्याकाळी बाहेरून आलेल्या लोकांसाठी इंग्रजीचा, साठी उलटलेले आजोबा पण बसतात. नॉन-क्रेडिट, म्हणजे डिग्रीत न मोजलं जाणारं इंग्रजी फुकट असतं. क्रेडिटचे क्लास राज्याच्या रहिवाशाला 46 डॉलर युनिटला, आणि साधारण 60 युनिटची दोन वर्षांची डिग्री करून पुढे स्टेट युनिव्हर्सिटीत जाता येतं.

पण हे वाचून कोणी एजंटकडे पळू नका. 46 डॉलर रहिवाशांना, स्टुडंट व्हिसावर आलेल्याला फी कितीतरी पट जास्त, वर पहिलं वर्ष कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. नुसत्या कोचिंगच्या कोर्ससाठी घर गहाण टाकून इकडे येण्यात अर्थ नाही. नाशिकमध्ये असं सगळं एका छताखाली का होत नाही याचं मात्र खरंच वाईट वाटतं, गावात आरोग्य विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे, ग्राउंडवर पोरं आहेत.

सातपूरची_धावपटू
फिजिओ ताई खूप खूप थँक्यू, आज सकाळीच दाबून बघितलं, एकाच जागी दुखतंय, त्याच्या वडिलांना फोन केला, उद्या दवाखान्यात नेतोय.

बाकी सगळ्यांचं वाचून वाटतंय की मला शाळेपेक्षा ग्राउंडच हवंय. पण एनआयएसला गेले तर तिथे शिकवणं इंग्लिश-हिंदीत असणार, त्याचीच धास्ती आहे. आणि जिमवाल्या परीक्षा तर पूर्ण इंग्लिशमध्ये.

देवळाली_कॅम्पचे_सर
बाळ, मी अनेक वर्षं खोखो आणि अ‍ॅथलेटिक्स शिकवलं, भाषेचं तुला दोन भागांत सांगतो कारण लोक त्याची खिचडी करतात.

परीक्षेचं इंग्लिश वेगळं. त्याला बोलायचा क्लास लागत नाही, वाचायची सवय लागते. फिजिऑलॉजीचं एखादं सोपं पुस्तक घे, रोज दोन पानं, अडलेला शब्द वहीत आणि त्याच्यासमोर आपल्या शरीरावरची जागा दाखवून बोलायचं, हॅमस्ट्रिंग म्हणजे इथे, टिबिया म्हणजे इथे. तेच तेच दोनतीनशे शब्द फिरून फिरून येतात, दोनेक महिन्यांत भीती जाते. क्लासचे हजारो रुपये वाचव आणि त्यात चांगले शूज घे.

ग्राउंडवरची भाषा मात्र शिकावीच लागते आणि ती कुठल्याच जाहिरातीत नसते. एका वेळी एकच सूचना, सहासात शब्दांत. मी नवीन कोच बघतो, पोरगं पळत असताना ओरडतात, गुडघा वर, हात सरळ, मान ढिली, श्वास सोड, पोराचं डोकंच बंद पडतं. आणि शरीराच्या भागाकडे लक्ष वळवण्यापेक्षा बाहेरच्या गोष्टीकडे वळवलं की हालचाल जास्त चांगली होते, यावर भरपूर संशोधन झालंय. पाय मागे सरळ कर असं नाही म्हणायचं, जमीन मागे ढकल म्हणायचं. स्क्वॉटला गुडघे वाकव नाही, मागच्या बाकावर बस. तुझ्या लेडीज बॅचवर करून बघ.

पेठ-हरसूलची बरीच पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, आपल्या शहरी मराठीत पटकन सांगितलं की मान हलवतात पण कळलेलं नसतं. दुखतंय का विचारलं की नाही म्हणतात, कारण सराव बंद होईल ही भीती. त्यांच्या बोलीतले दुखणं, थकणं, चक्कर येणं याचे शब्द त्यांच्याकडूनच शिकून घे, हे तुझ्या कोर्सइतकंच महत्त्वाचं आहे असं मी ठामपणे म्हणेन. त्या नडगीवाल्या पोराने किती दिवस अंगावर काढलं असेल विचार त्याला.

गंगापूररोडकर
सरांशी शंभर टक्के सहमत. ताई, मग माझ्या मते आधी एनआयएसचा सहा आठवड्यांचा कोर्स, अ‍ॅथलेटिक्समध्ये. जिमची नोकरी सुटत नाही, रजा मिळेल का बघा, आणि आवडलं तर पुढच्या वर्षी डिप्लोमा. जिमचा पगार वाढवायचा असेल तर फिटनेसची इंटरनॅशनल परीक्षा नंतर कधीही देता येते, तिथे बऱ्याच ठिकाणी सीपीआरचं सर्टिफिकेट आधी मागतात, ते तुम्ही काढणारच आहात. आणि फॉर्म भरताना साईटवरची त्या वर्षीची जाहिरातच वाचा, गेल्या वर्षीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा पीडीएफ नको.

सातपूरची_धावपटू
ठरलं मग, घरी आज बोलते. सर, तुम्ही देवळालीत सकाळी असता का, मुलांना घेऊन एकदा यायचंय, सूचना कशा देता ते प्रत्यक्ष बघायचंय.

देवळाली_कॅम्पचे_सर
ये की. रविवारी सहाला असतो मी. तुला मेसेज करून जागा सांगतो. नडगीवाल्याला पण आण, पळायचं नाही, बसून बघू दे.