ताब्याच्या केसमध्ये "तुला कोणाकडे राहायचं?" हे लेकराला विचारणं बंद व्हावं का?

झेडपीचा मास्तर (यवतमाळ जिल्हा):
माझं मत सरळ आहे. नवरा-बायकोचं फाटलं आणि केस कोर्टात गेली, की "तुला कोणाकडे राहायचं?" हा प्रश्न लेकराला कोणीच विचारू नये. आईनं नाही, बापानं नाही, आजी-आबाजीनं नाही आणि जजसाहेबांनीही नाही. कोर्टानं लेकराचं हित बघावं, त्याच्याकडून निवड करून घेऊ नये.

साहेबांच्या चेंबरमध्ये हा प्रश्न पाच मिनिटांचा असतो. पण त्याची घरातली तयारी पेशीच्या कितीतरी आधी सुरू होते. वर्गात कळतं मला. तारीख जवळ आली की पोरगं खिचडी ताटात तशीच ठेवतं, पाढे येत असून चुकतं. आईकडे असेल तर "त्या घराचं नाव काढलं तर माझ्याशी बोलू नको." बापाकडे असेल तर "तुझी माय तुला टाकून गेली." निरोप पोचवायचे, खावटीचे पैसे मागायचे, समोरच्याच्या घरी कोण येतं-जातं ते सांगायचं, ही सगळी कामं लेकराच्या माथी. आणि आपल्या भागात त्याहून वाईट एक वाक्य ऐकू येतं: "तू तिकडे गेलास तर मी फवारणीचं औषध घेईन." कापसाच्या मुलखात वाढलेल्या पोराला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आठ वर्षांचं पोर मग आपल्या उत्तरावर कोणाचा तरी जीव टांगलाय असं धरून चालतं. मारहाणीचा वळ तरी दिसतो. हा छळ डॉक्टरच्या कागदावरही येत नाही.

पालक व पाल्य अधिनियम 1890 चं कलम 17 काय म्हणतं? मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ "शकतं". घ्यायलाच पाहिजे असं नाही. मग न विचारायला काय हरकत आहे?

काळा कोट, पुसद:
मास्तर, रोगाचं वर्णन बरोबर, औषध चुकीचं. प्रश्न बंद केल्यानं लेकराला घरात पढवणं, शिकवून ठेवणं बंद होत नाही. शिकवणारे फक्त कोर्टासाठी शिकवत नाहीत, सूड म्हणूनही शिकवतात. उलट जजनं लेकराला भेटायचंच नाही असं ठरवलं, तर त्याची बाजू आई-बापांच्या प्रतिज्ञापत्रांतूनच येणार. सुप्रीम कोर्टानं 1973 च्या रोझी जेकब निकालात सांगितलं की मुलं म्हणजे आई-बापांची मालमत्ता नव्हे, खेळणीही नव्हेत. ज्याचं काही ऐकून घ्यायचं नाही, त्याची आपण मालमत्ताच करतो.

दुसरं म्हणजे बरे जज हा प्रश्न असा थेट विचारतच नाहीत. आई-बाप आणि वकिलांना बाहेर ठेवतात. शाळेत कोणाशी पटतं, सकाळी कोण उठवतं, ताप आला तर कोण उशाशी बसतं, असं विचारतात. तेवढ्यातून बरंच कळतं. वाईट जज असतात हे मान्य, पण त्यांच्यासाठी चांगल्यांचे कान कशाला बंद करता?

दारव्ह्याकडचा बाप:
माह्या पोराले मी धड भेटलोच नाई. हुकूम हाय, दुसरा आन् चौथा शनिवार, कोर्टाच्या आवारात. मी गेलो तं कधी पोराले ताप, कधी परीक्षा, कधी गाडी चुकली. एकदा आलं तं मायच्या पदरामागून म्हणे, "मले यायचं नाई, तुमी मारता." मी त्याले बोट लावलं नाई कधी. ते वाक्य त्याचं नवतं, पाठ केलेलं होतं. आता तुमी म्हणता जजनं पुसू नये. पुसलं तरी मी हरलो, नाई पुसलं तरी ज्याच्या घरात पोरगं हाय तोच जिंकला. वकील म्हणे सुप्रीम कोर्टानं 2017 मधे विवेक सिंग केसमधे लेकराले दुसऱ्याबद्दल शिकवून तोडणं चूक म्हटलं. मंग हुकूम मोडणाऱ्यावर कारवाई काऊन होत नाई?

महिला केंद्रातली समुपदेशक, वर्धा:
दादा, तुमचं दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्या निकालात काय होतं ते पूर्ण सांगते. मुलगी बापाकडे होती, पावणेदोन वर्षांची असल्यापासून. आठव्या वर्षी ती बापाकडेच राहते म्हणाली. कोर्ट म्हणालं, आईकडे कधी राहिलीच नाही, तर ही निवड कशी समजायची? आणि सुरुवातीला एका वर्षासाठी आईकडे दिली. म्हणजे तिथे तोडण्याचा ठपका बापाकडे बोट दाखवत होता.

माझा मुख्य विरोध वेगळा आहे. "लेकराला शिकवलंय" हा आता बायकांविरुद्धचा हुकमी पत्ता झालाय. माझ्यासमोर बसणाऱ्या कितीतरी बाया मार खाऊन माहेरी आलेल्या असतात. ज्या लेकरानं रात्री आईचं डोकं भिंतीवर आपटताना बघितलंय, ते बापाकडे जायला घाबरणारच. त्याला कोणी शिकवावं लागत नाही. 1985 मध्ये गार्डनर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं लेकराला शिकवून एका पालकापासून तोडण्याच्या प्रकाराला 'पॅरेंटल एलिअनेशन सिंड्रोम' असं आजाराचं नाव दिलं. पण अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या आजारांच्या 2013 च्या अधिकृत यादीत त्याला जागा मिळाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये आपल्या आजारांच्या सूचीतून 'पॅरेंटल एलिअनेशन' हा शब्द काढला. 2023 मध्ये महिलांवरच्या हिंसाचारावर अहवाल देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी हा आरोप छळ झालेल्या आयांवरच उलटवला जातो असं लिहिलं. आणि आपल्या सुप्रीम कोर्टानं 2024 च्या कर्नल रमनीश पाल सिंग निकालात बजावलं, की ठोस प्रसंग दाखवल्याशिवाय कोणत्याही पालकावर हा शिक्का मारू नका.

मारहाणीची तक्रार असेल तर आधी ती तपासा, भेटीचं नंतर बघू. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 च्या कलम 21 मध्ये भेट लेकराला घातक वाटली तर नाकारण्याची सोय आहे.

काळा कोट, पुसद:
ताई, अर्धं सांगू नका. त्याच 2024 च्या निकालात मुलांचा ताबा बापाकडेच राहिला, आणि मुलं सातत्यानं बापाकडे राहायचं म्हणत होती याला कोर्टानं वजन दिलं. मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. ऐकलं म्हणून निकाल बरोबर लागला.

झेडपीचा मास्तर:
आणि 2017 मध्ये ऐकून बाजूला ठेवलं म्हणून बरोबर लागला. म्हणजे लेकराच्या उत्तराचं करायचं काय हे शेवटी मोठ्यांनीच ठरवलं. मग त्याच्याकडून ते वदवून का घ्यायचं? हयातभर "मी आईला नाही म्हणालो" हे ओझं ते वाहणार.

जुना तंटामुक्तीवाला:
हे सगळं कोर्टात जातंच का? 2007 पासून गावोगावी तंटामुक्ती समित्या झाल्या. चार शहाणे बसवा, दोन्ही घरच्यांना समजावा. लेकरू सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं.

महिला केंद्रातली समुपदेशक, वर्धा:
काका, त्या चार शहाण्यांत बाई किती असतात? पारावर अख्ख्या गावासमोर "सांग, माय पाहिजे का बाप" असं विचारलेलं मी ऐकलंय. त्यापेक्षा चेंबर बरं. आणि सहा-सहा महिने म्हणजे शाळा कोणती?

सोयाबीनवाली:
इथे सगळे निकाल सांगताहेत, एसटीचं कोणी बोलत नाही. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक तरी असतात, कायद्यानं ठेवलेले. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे ताब्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात, बाकीच्या दिवाणी कामांच्या गर्दीत. माझ्या भाचीची भेट कोर्टाच्या व्हरांड्यात व्हायची. बाजूला पोलीस, बेड्या घातलेले आरोपी, दोन्हीकडचे मामा-काका एकमेकांकडे डोळे वटारून. पोर कोणाच्या मांडीवर बसेल तिथे? लगेच कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करतं, "बघा, रडतंय, नको म्हणतंय" म्हणून पुढच्या तारखेला दाखवायला. सुगीत पेशी आली तर बाप मजुरी बुडवून येतो, आई पहाटेची गाडी धरते, आणि कळतं की साहेब रजेवर. मला विचाराल तर लेकराचा निम्मा छळ या फेऱ्यांतच होतो. आधी भेटीची जागा बदला, मग प्रश्नाचं बघू.

काळा कोट, पुसद:
हे मात्र मागता येतं. भेटीची जागा, वार, वेळ बदलण्यासाठी साधा अर्ज करता येतो. ताब्याचा कोणताही हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की तो बदलतो, हेही रोझी जेकबमध्येच आहे. 2020 च्या यशिता साहू निकालात सुप्रीम कोर्टानं व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचाही विचार करायला सांगितलं. बाया आणि लेकरांना उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. दारव्ह्याच्या दादांनी हुकूम मोडल्याच्या तारखा लिहून काढाव्यात, प्रत्येक वेळचं कारण समोर मांडावं. "शिकवलंय" असं मोघम लिहिलं तर 2024 चा निकाल त्यांच्याच अंगावर येईल.

दारव्ह्याकडचा बाप:
तारखा हायेत, एसटीची तिकिटं ठेवली म्या. पण व्हिडिओ कॉल तिच्याच मोबाईलवर लावा लागन. पोरगं कोणाकडं पाहून बोलते ते मले कसं दिसन?

महिला केंद्रातली समुपदेशक, वर्धा:
म्हणूनच तिसरं माणूस पाहिजे, दोन्ही घरांपैकी कोणाचंही नसलेलं. तुमच्यासाठीही आणि तिच्यासाठीही. मारहाणीचं खरं-खोटंही तेच शांतपणे बघेल. यावर आपलं दोघांचं भांडण नाही.

झेडपीचा मास्तर:
माझा विरोध कायम आहे, पण वकीलसाहेबांच्या "कोण उठवतं, ताप आला तर कोण बसतं" याला माझी ना नाही. ते विचारा. निवड तेवढी करायला लावू नका.

सोयाबीनवालींच्या मुद्द्यावर: शनिवारी आमची सकाळची शाळा असते, दुपारी खोल्या रिकाम्या. कोर्टानं हुकमात शाळेचं नाव घातलं तर व्यवस्थापन समितीसमोर ठराव मी मांडतो. बसायला मात्र आमच्यापैकी मास्तर नको. सोमवारी त्याच पोराला आम्हाला शिकवायचं असतं. ताई, तुमच्या केंद्रातून कोणी येऊ शकेल का? दारव्ह्यापर्यंत?

महिला केंद्रातली समुपदेशक, वर्धा:
आमचा जिल्हा वेगळा. यवतमाळच्या संरक्षण अधिकाऱ्यांना, म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्यांना, विचारते. त्यांच्याकडे माणसं कमी आहेत, हे आधीच सांगून ठेवते.