आंब्याखाली हळद, सोनटक्का आणि नेचे

ताई, आंब्याच्या सावलीत मोगऱ्याच्या जोडीला काय लावावं, असं विचारलंय तुम्ही. आधी तो मोगराच उन्हात हलवा. सावलीत त्याची नुसती पानं वाढतात, कळी धरत नाही.

कोल्हापुरात आमच्या परसातल्या आंब्याखाली मी हळद, सोनटक्का आणि नेचे एकत्र लावलेत. यांचं जमतं ते वेळेमुळं. वळीव पडून गेला की हळदीचे कोंब फुटतात. श्रावण-भाद्रपदात सोनटक्का फुलतो, संध्याकाळी वास पार स्वयंपाकघरात येतो. पौषात हळदीची पानं पिवळी होऊन आडवी पडतात, तेव्हा उघडी जागा नेचे झाकतात. उन्हाळ्यात मात्र नेच्यांची माती सुकू देऊ नका, वर पालापाचोळा पसरा. अळू जपून लावा, भराभर पसरतो.

आणि आंब्याच्या बुंध्याला माती चढवू नका. मी पहिल्या वर्षी वीतभर चढवली होती. पावसाळ्यात साल ओली राहिली, बोटानं दाबली तर भुसभुशीत लागली. लगेच माती ओढून काढली म्हणून झाड वाचलं. आता बुंध्यापासून दोन हात सोडूनच लावते, तेही खुरप्यानं. कुदळीनं आंब्याची वरची बारीक मुळं तुटतात.