"कोणालाही चालतं" म्हणून हिंग्वाष्टक सांगू नका

महालची सून: काल इथे एकानं लिहिलं, "पोट फुगतं? चमचाभर हिंग्वाष्टक चूर्ण दिवसातून तीनदा, महिन्यात गॅस बंद. कोणालाही चालतं." कोणालाही कसं चालेल? माझ्या सासऱ्यांना बीपी आहे. त्यांनी असंच ऐकून घेतलं. त्यात सैंधव असतं, तेही मीठच. पंधरा दिवसांत बीपी वर, पायांवर सूज. सुंठ, मिरी, पिंपळी उष्ण, म्हणून छातीत जळजळ वेगळी. पचनाचा अग्नी मंद आहे की तीक्ष्ण, आधी ते तर पाहा!

इतवारीवाला: ताई, घ्यायची पद्धत चुकली, ते चूर्णाच्या माथी काहून मारता? हिंग्वाष्टक पहिल्या घासाला, तुपात कालवून, चिमूटभर. आमची आजी वरणभातावर तेवढंच घ्यायची. सकाळी तर्री पोहे, रात्री ११ ला झणझणीत सावजी रस्सा, अन् मग लोकं चूर्ण शोधून राहिले!

बर्डीकर: आले शेवटी सावजीवर! आम्ही कोष्टी, सावजी हे आमचंच जेवण. आमच्या घरच्या रश्श्यावर बोटभर तेल तरंगत नाही, ते हॉटेलातलं. सुंठ-मिरी आमच्या मसाल्यातही असते. चूर्णात औषध अन् रश्श्यात विष?

धरमपेठकर: मिरचीनं जळजळ होते, फुगतं ते तर्रीतल्या चण्यानं. त्यातली काही साखर लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जंतू ती आंबवतात, तोच गॅस. चणे रात्रभर भिजवून पाणी फेका, मऊ शिजवा.

इतवारीवाला: चणा वातूळ, हे आयुर्वेदानं कधीचंच सांगितलं आहे.

बर्डीकर: मग चण्याला बोला ना. दरवेळी आमचंच जेवण दिसतं तुम्हाला.

महालची सून: दादा, मात्रा चुकली, मान्य. पण त्या पोस्टमध्ये मात्रा चमचाभरच लिहिली होती ना? आता खरं सांगते, राग कशाचा आहे. माझी आत्या, वय ५८. पोट फुगायचं, दोन घासांत भरायचं. सहा महिने ओवा, त्रिफळा, ताक. सगळे म्हणायचे, वात आहे. सोनोग्राफी केली तेव्हा अंडाशयात गाठ निघाली, पसरलेली.

इतवारीवाला: हे आधी सांगायचं होतं. रोज फुगत असेल, वजन उतरत असेल, शौचात रक्त दिसत असेल, तर चूर्ण नाही, तपासणी. एवढं मानतो. पण जड जेवणानंतर भाजलेलं जिरं घातलेलं ताक मी सोडणार नाही.

महालची सून: ताक सोडा कोणी म्हटलं? "कोणालाही चालतं" एवढं सोडा.

बर्डीकर: आणि सावजीचं काय ठरलं?