अवधानची १,०५७ मतं लोकांपर्यंत का पोचली नाहीत?

पांझराकाठ
काल इथे एका भाऊंनी लिहिलं की अवधानच्या 'शून्य मतां'ची पोस्ट अजून फिरते, कारण खेड्यातली माणसं अडाणी आहेत. व्हॉट्सअॅप बंद केलं की सगळं थांबेल. वाचून डोकं फिरलं. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला आणि पोस्ट सुटली: धुळे ग्रामीणमधल्या अवधानात सत्तर टक्के मतदार काँग्रेसचे, तरी त्यांचे उमेदवार कुणाल पाटलांना शून्य मतं. निवडणूक यंत्रणेने केंद्रनिहाय आकडे दिले. केंद्र २४७ वर २२७, २४८ वर २३४, २४९ वर २५२, २५० वर ३४४. बेरीज १,०५७. ते हरले हे खरं, पण शून्य नाही. विषय तिथेच मिटायला हवा होता.

मिटला नाही, कारण अफवा एका ओळीची होती. गावाचं नाव, उमेदवाराचं नाव, शून्य. पारावर बसलेला माणूस ती तोंडपाठ सांगतो. खुलासा आला तो पत्रकातून आणि लिंकमधून, आणि मथळ्यात पुन्हा 'अवधान' आणि 'शून्य' हेच शब्द. लिंक कोण उघडतो? मथळा वाचून पुढे सरकलेल्याच्या डोक्यात तेच दोन शब्द पक्के होतात. खुलाशाचा पहिला शब्द १,०५७ हवा होता.

आता व्हॉट्सअॅप बंद करण्याबद्दल. जुलै २०१८ मध्ये कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला जातो. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की मोजणी पुन्हा शून्यापासून, आणि खूप फिरल्याचं सांगणारी दोन बाणांची खूण गायब. स्क्रीनशॉटचंही तेच. म्हणजे मर्यादेने व्हिडिओ मंदावतो, चार ओळींचा मजकूर नाही. आणि नव्याने चिकटवताना गावाचं नाव बदलणं सगळ्यात सोपं.

गिरणाखोरे
दादा, तुम्ही सगळं खापर मथळ्यावर फोडता. लोकांनी शून्यावर विश्वास ठेवला कारण मोजणाऱ्यावर राहिलेला नाही. पाच वाजता मतदान ५८.२२ टक्के सांगितलं, शेवटी ६६.०५. पावणेआठ टक्के रात्रीतून कुठून आले, हे साध्या मराठीत गावात येऊन कुणी सांगितलं? मतं मोजली त्यापेक्षा झाली कमी, ५,०४,३१३ चा फरक, हेही आयोगाच्याच आकड्यांतून निघालं. अवधान खोटं ठरलं म्हणून सगळे प्रश्न खोटे होत नाहीत. आणि मतदार यादीचं काय? लोकसभा ते विधानसभा या पाच-सहा महिन्यांत नावं किती वाढली ते पाहा आधी.

पांझराकाठ
पाच वाजताचा आकडा केंद्रांवरून फोनवर गोळा केलेला अंदाज असतो. त्यात पाच ते सहाचं मतदान नसतं, आणि सहाला रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन नंतर घेतलेलं मतदान तर नसतंच. खरा आकडा नमुना १७-सीचा, म्हणजे केंद्रावर झालेल्या मतांच्या हिशोबाच्या कागदाचा. केंद्राध्यक्ष मतदान संपल्यावर तो भरतो, सही करतो आणि हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रत्येक प्रतिनिधीला प्रत देतो. हजर असलेल्या! चार वाजता घरी गेलेल्याला नाही.

लळिंग
५,०४,३१३ चं मी सांगते. 'झालेली मतं' ६,४०,८८,१९५ हा फक्त यंत्रांचा आकडा. 'मोजलेली मतं' ६,४५,९२,५०८ मध्ये टपाली मतं धरलेली आहेत, ती ५,३८,२२५. वजाबाकी करा: यंत्रांतली मतं उलट ३३,९१२ नी कमी मोजली गेली. का? सकाळी यंत्र तपासायला किमान ५० मतांचं अभिरूप (चाचणीचं) मतदान होतं. ते पुसायचं राहिलं किंवा १७-सीशी आकडा जुळला नाही, तर ते यंत्र बाजूला ठेवतात. जिंकलेल्याची आघाडी त्या यंत्रातल्या मतांहून मोठी असेल तर ते मोजतच नाहीत. 'जास्त मतं' म्हणणारी पोस्ट लाखो फोनवर गेली, हा हिशोब मात्र कुणी पुढे पाठवला नाही. गिरणाखोरे भाऊ, तुम्हीही आजच ती पुन्हा टाकलीत.

गिरणाखोरे
टाकली. टपाली मतांचं मान्य, ते माझ्याकडून सुटलं. यादीचं मान्य नाही.

साक्रीची लेक
तुम्ही सगळे बेरजा करत बसा. आपल्याच साक्री तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला, रविवारच्या बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मुलं पळवणारे समजून मारली. त्या दिवसांत फिरणारा एक व्हिडिओ कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मूळ चित्रफितीत शेवटी मुलगा परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढाच तुकडा कापला होता. पाच घरं उजाड करायला तेवढं पुरलं.

राजकीय क्लिपा याच पद्धतीने कापतात, आणि कुठलाच पक्ष धुतल्या तांदळाचा नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये राहुल गांधींची बटाट्यातून सोनं काढण्याची क्लिप फिरली. मूळ भाषणात ते मोदी असं म्हणतात असं सांगत होते, ते वाक्य कापलं. एप्रिल २०२४ मध्ये अमित शहा एससी, एसटी, ओबीसी आरक्षण संपवणार अशी क्लिप फिरली. मूळ भाषण मुस्लिम आरक्षणाबद्दल होतं. बारा-पंधरा सेकंदांची क्लिप वाक्याच्या मध्येच सुरू होत असेल तर थांबा. त्यातले चार वेगळे शब्द टाकून पूर्ण भाषण शोधा आणि आधीचा नि नंतरचा एकेक मिनिट ऐका. ऑडिओला चित्रावरून शोधायची सोय नाही, तिथे शब्द लिहून शोधणं एवढाच मार्ग.

तापीचा गाळ
मला वेगळंच म्हणायचं आहे. केंद्रनिहाय आकडे जाहीर करूच नयेत. कुठल्या गावाने कुणाला किती मतं दिली हे कळतं म्हणून रस्ता अडतो, पाण्याची टाकी अडते, आणि म्हणूनच 'अमुक गावात शून्य' अशी अफवा जन्माला येते. मतपत्रिका होत्या तेव्हा त्या मिसळून मोजायची सोय होती. आयोगाने २००८ मध्ये टोटलायझरचा प्रस्ताव दिला, १४ केंद्रांची यंत्रं जोडून एकच बेरीज दाखवणारा. २०१५ मध्ये विधी आयोगानेही उचलून धरला. तो धूळ खात पडला आहे.

लळिंग
मग अवधानची अफवा कशाने खोडली असती? चौदा केंद्रांच्या एका बेरजेत चार केंद्रांची १,०५७ मतं दाखवून द्या बरं.

तापीचा गाळ
अफवाच उठली नसती! गावाचा आकडा नाही, तर गावाचं शून्यही नाही.

लळिंग
उठलीच असती, आणि खोडायला काहीच नसतं. लोक म्हणाले असते, आकडे लपवले. चोराच्या भीतीने घराला दारच ठेवायचं नाही का?

तापीचा गाळ
गावावर सूड उगवतात तेव्हा तुमचं दार कुठे असतं? टाकीवाचून हंडे वाहणाऱ्या बायांना सांगा हे! अफवेने फोन तापतो, पण आकड्याने गाव पाण्यावाचून मरतं. तुम्हाला कोणतं मोठं वाटतं ते कळलं.

पांझराकाठ
शब्द जपून, अप्पा. तुमचा मुद्दा खरा आहे, सुडाचं मी नाकारत नाही. पण टोटलायझर आला तरी व्हीव्हीपॅटची, म्हणजे यंत्राला जोडलेल्या छापील मत-चिठ्ठ्यांची, पडताळणी केंद्रनिहायच होणार. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठी टाकून पाच केंद्रं निवडतात. राज्यात २८८ गुणिले पाच, १,४४० केंद्रं झाली, आणि आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे कुठेही फरक नाही. त्या पाच गावांचे आकडे तरी उघडे पडणारच.

तापीचा गाळ
पाच पडतील. साडेतीनशे तरी झाकतील.

गिरणाखोरे
तुमचं भांडण बाजूला ठेवा. साधं सांगा, उद्या आमच्या चाळीसगाव-भडगावाकडे अशी पोस्ट आली तर करायचं काय?

लळिंग
नमुना २० काढायचा, म्हणजे केंद्रनिहाय मतांचा अंतिम तक्ता. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघाच्या क्रमांकाने असतो; धुळे ग्रामीण ६. बहुतेक वेळा स्कॅन केलेला कागद, त्यामुळे शोधायचं बटण चालत नाही, पानं उलटावी लागतात. दोन चुका नेहमी होतात. पहिली, मागच्या निवडणुकीचा केंद्र क्रमांक वापरणं. क्रमांक बदलतात, म्हणून त्याच वर्षीची केंद्रांची यादी शेजारी ठेवा. दुसरी, उमेदवाराचा रकाना चुकणं. नावं आडवी छापलेली असतात आणि क्रम मतपत्रिकेचा असतो. मोठ्या गावाची तीन-चार केंद्रं असतात, सगळी मिळवा. मग फोटो त्याच ग्रुपवर, जिथे अफवा आली तिथेच, आकडा आधी लिहून. लिंक नको.

गिरणाखोरे
नमुना २० हातात येईपर्यंत अफवा तीन तालुके फिरून येते.

पांझराकाठ
म्हणून प्रतिनिधीने रात्री थांबून १७-सी घ्यायचा, आणि मोजणीच्या टेबलावर बसणाऱ्याने केंद्र क्रमांकासह आकडा वहीत टिपायचा. हे सर्व पक्षांच्या प्रतिनिधींनी करायचं. निकालाच्या संध्याकाळीच तो गावाच्या ग्रुपवर गेला पाहिजे.

गिरणाखोरे
बरं, थांबायला सांगतो आमच्या पोरांना. पण यादीत वाढलेल्या नावांवर वेगळा धागा काढणार, आणि तिथे टपाली मतांचं गणित सांगू नका.