मदत हवी आहे : सुशी रोल कापताना फुटतो, भात गिच्च होतो

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी लेकीचा पंधरावा वाढदिवस आहे. तिला घरी केलेले सुशी रोल हवेत, हे तिने महिन्याभरापूर्वीच सांगून ठेवलंय. सहा मैत्रिणी येणार आहेत. मी आतापर्यंत दोनदा करून पाहिले आणि दोन्ही वेळा फसले. आता मधे एकच शनिवार उरलाय, म्हणून जाणकारांना विचारते.

पहिल्या वेळी घरात होता तो लांब दाण्याचा तांदूळ घेतला. भात छान मोकळा झाला, पण गुंडाळायची चटई उचलताच रोल सुटला. शितं एकमेकांना धरतच नव्हती. तेव्हा तांदूळच चुकला हे कळलं आणि दुसऱ्या वेळी सुशीसाठी मिळतो तो आखूड दाण्याचा आणला. एकदा धुतला, दीडपट पाणी घातलं, लगेच शिजवला. सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवला, म्हणजे दुपारी गार मिळेल. मग राईस व्हिनेगर, साखर, मीठ ओतून कालवला. भात वरून टणक आणि आत लगदा, असा काहीतरी झाला. चव आंबट-गोड बरी होती, पण बोटांना असा चिकटला की नोरीवर, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदावर, पसरताच येईना.

आत काकडी, गाजर आणि अव्हाकाडो घातलं होतं. गुंडाळताना नोरीच्या दोन्ही कडा जेमतेम टेकल्या. खरं दुःख कापताना झालं. सुरी टेकवून दाबली तर रोल चपटा झाला आणि काकडी दुसऱ्या टोकाने सरकत बाहेर आली. नोरी कापलीच जात नव्हती, रबरासारखी ताणली जात होती, आणि शेवटी शिवणीवर फुटली. लेक शेजारी उभी होती. काही बोलली नाही, चमच्याने खाल्लं तिने सगळं.

भाताचं पाणी, नोरी, गुंडाळणं, सुरी, नेमकं कुठे चुकतंय? आणि दीर म्हणताहेत की सकाळी बाजारातून ताजा मासा आणून कच्चाच घालू. ते चालेल का?

प्रतिसाद १

ताई, तांदूळ बदललात हे उत्तम. तांदळाच्या स्टार्चचे दोन प्रकार, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. लांब दाण्यात अमायलोज जास्त असतं म्हणून तो मोकळा होतो. जपानी आखूड दाण्यात ते कमी आणि अमायलोपेक्टिन जास्त, म्हणून शितं अख्खी राहूनही एकमेकांना धरतात. बाकी सांगण्याआधी दोन गोष्टी कळल्या तर बरं: नोरीचा कागद पूर्ण घेतलात की अर्धा? आणि भात अंदाजे किती लावलात?

धागाकर्ती

अर्धा कागद. सगळ्यावर भात पसरला, कडेपर्यंत. एक रोल न कापता उरला होता, त्याचं वजन केलं: १६५ ग्रॅम.

प्रतिसाद १

तिथेच मेख आहे! नोरीचा पूर्ण कागद साधारण १९ × २१ सेंटिमीटर असतो. त्याच्या अर्ध्या भागात होतो तो होसोमाकी, म्हणजे बारीक रोल. त्यात भात ८० ग्रॅमच्या आसपास आणि सारण एकच. काकडीचा कप्पामाकी, ट्यूनाचा तेक्कामाकी, असे त्यांचे प्रकार. (कप्पा हा जपानी लोककथांमधला पाण्यात राहणारा जीव. त्याला काकडी फार आवडते म्हणून हे नाव.) तीन-चार सारणं हवी असतील तर पूर्ण कागद घेऊन फुतोमाकी करायचा, त्याला २०० ग्रॅमच्या वर भात लागतो. तुम्ही फुतोमाकीचं सारण होसोमाकीच्या कागदात कोंबलंत. कडा जुळणार कुठून?

आता भात. माझं ठाम मत आहे की चटई हातात घेण्याआधीच रोलचं भवितव्य ठरलेलं असतं, ते भातात. जपानी स्वयंपाक्यांच्या भाषेत या भाताला 'शारी' म्हणतात. बुद्धाच्या अस्थिधातूंना जपानीत हाच शब्द आहे, आणि तो आपल्या संस्कृत 'शरीर'वरून तिकडे गेला. भाताचे पांढरे दाणे त्या अस्थिकणांसारखे दिसतात म्हणून. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे, सुशी म्हणजे व्हिनेगरची आंबवणी लावलेला भात. भाताशिवाय नुसते माशाचे काप, ती साशिमी.

३०० ग्रॅम तांदूळ घ्या. पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत चार-पाच वेळा धुवा, पण चोळून दाणे मोडू नका. अर्धा तास भिजवा, मग चाळणीत पूर्ण निथळू द्या. कोरडा तांदूळ ज्या भांड्याने मोजला त्याच भांड्याने तेवढंच पाणी घाला, दीडपट नको. उकळी आली की आच अगदी मंद, झाकण न उघडता बारा-तेरा मिनिटं. आच बंद करून आणखी दहा मिनिटं वाफ जिरू द्या.

तोवर ५० मिलिलिटर राईस व्हिनेगर, २ मोठे चमचे साखर, १ छोटा चमचा मीठ नुसतं कोमट करून विरघळवा. उकळलंत तर व्हिनेगरचा वास उडून जातो. हे मिश्रण वाफाळत्या भातावरच घालायचं. गरम भात ते पिऊन घेतो, गार भातावर ते बाहेरून ओलं बसतं. तुमचा लगदा अर्धा पाण्याने झाला आणि अर्धा याने. रुंद, पसरट भांड्यात भात काढा (जपानमध्ये यासाठी हांगिरी नावाचं लाकडी घमेलं असतं, ते जादा ओल शोषतं) आणि उलथणं आडवं धरून कापल्यासारखं फिरवा. घोटायचं नाही. दुसऱ्या हाताने किंवा लेकीला सांगून पंख्याने वारा घाला. वरचा ओलसरपणा उडाला की शितांवर चकाकी येते. ती दिसली की थांबा, ओल्या फडक्याने झाका.

फ्रिज मात्र कटाक्षाने नको. शिजलेला स्टार्च फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात लवकर पुन्हा घट्ट होतो, म्हणून तुमचा भात टणक झाला. हाताला अंगाइतकाच कोमट लागेल तेव्हा गुंडाळायला घ्या.

प्रतिसाद २

मी तयार रोल अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग कापते. काप सुबक येतात. अनुभव सांगतेय फक्त.

प्रतिसाद १

काप सुबक येतील हे मान्य, पण भात कडक होतो आणि नोरी दमट. एकदा त्याच भाताचे दोन रोल करून एक बाहेर ठेवून पाहा, खाताना लगेच फरक कळेल. त्यापेक्षा शिवण खाली करून ओट्यावर एक-दोन मिनिटं ठेवला तरी पुरतं. भाताच्या ओलीने नोरी स्वतःच चिकटते.

प्रतिसाद ३

नोरीबद्दल मी लिहितो. पाकीट पहिल्या वेळी फोडून तसंच ठेवलं होतंत का? रबरासारखी ताणली गेली म्हणजे तिने हवेतली ओल ओढली. कडकडीत नोरी दुमडली तर कट्‌ आवाज होऊन तुटते. मऊ पडलेली नुसती वाकते. मंद आचेवरून दोन-तीन सेकंद फिरवली की पुन्हा कुरकुरीत होते, जास्त केलीत तर आक्रसते. पुढच्या वेळी हवाबंद डब्यात, पाकिटातली ओल शोषणारी पुडी तशीच ठेवून द्या. कागदाची चकचकीत बाजू बाहेर, म्हणजे चटईकडे, आणि भात खरबरीत बाजूला.

वनस्पतिशास्त्र शिकलेला असल्याने एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोरी हे समुद्री शेवाळ. शेतकऱ्यांना ते पूर्वी निसर्गाच्या भरवशावर वाढवावं लागायचं, कारण त्याची बीजं उन्हाळ्यात कुठे जातात हेच कळत नव्हतं. कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९४९ साली दाखवून दिलं की हे शेवाळ मधला काळ शिंपल्यांच्या आत, अगदी वेगळ्या रूपात काढतं. त्यावरून जपानी संशोधकांनी शिंपल्यांवर बीज वाढवायची पद्धत बसवली आणि नोरीची शेती सावरली. कुमामोतो प्रांतातल्या उतो गावी बाईंचं स्मारक आहे, दरवर्षी १४ एप्रिलला तिथे त्यांची आठवण काढतात. स्वतः त्या कधी जपानला गेल्याच नाहीत. मी कागद हातात घेतो तेव्हा मला त्या आठवतात.

प्रतिसाद ४

कच्च्या माशाबद्दल: कृपया घालू नका, तेही मुलींच्या पंगतीत. मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून जरा कळकळीने लिहितेय. 'ताजा' असणं आणि 'कच्चा खाण्याजोगा' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्री माशात अनिसाकिस नावाचे जंत असू शकतात, अगदी तासाभरापूर्वी पकडलेल्या माशातही. ते मारायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमाप्रमाणे मासा उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस ठेवावा लागतो. घरातला फ्रीझर साधारण उणे १८ला असतो आणि दार उघडलं की तेवढाही राहत नाही. शिवाय गोठवण्याने जंत मरतात, जिवाणू मरतात असं नाही. व्हिनेगर किंवा वासाबीने (सुशीबरोबरची झणझणीत हिरवी चटणी) जंत मरतील या भरवशावरही राहू नका.

उकडलेली कोळंबी, डब्यातला ट्यूना, अंड्याचं जाडसर गोडूस ऑम्लेट, यातलं काहीही घाला. जपानमध्येही शिजवलेल्या सारणाचे रोल भरपूर असतात, यात कमीपणा काही नाही. भातही त्याच दिवशी संपवा. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे जिवाणूंची वाढ रोखली जाते, म्हणून तर तो प्रमाणात घालायचा. 'मुलींना आंबट आवडत नाही' म्हणून कमी करू नका.

प्रतिसाद २

सुरीचं मी सांगते. दाबायची नाही, ओढायची. टोक पाण्यात बुडवा, सुरी उभी धरून मूठ ओट्यावर हलकेच आपटा, म्हणजे थेंब पात्यावरून खाली ओघळतो आणि सगळी धार ओली होते. मग टाचेकडून टोकाकडे एका लांब ओढीत काप. प्रत्येक कापानंतर ओल्या फडक्याने पातं पुसा, कारण चिकटलेलं एक शितसुद्धा पुढचा काप फाडतं. आधी रोलचे दोन भाग, मग ते शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाचे तीन, म्हणजे सहा सारखे तुकडे. बोटांसाठी वाटीत पाणी आणि थोडं व्हिनेगर, त्याला तेझु म्हणतात. बोटं बुडवून टाळ्या वाजवल्यासारखी झटका. हात निथळत राहिले तर नोरी भिजते.

धागाकर्ती (शनिवार, रात्री)

सगळ्यांचे मनापासून आभार! दिरांना प्रतिसाद ४ वाचून दाखवला, त्यांनी लगेच माघार घेतली.

आज ३०० ग्रॅम तांदळाचा भात केला. पाचव्या धुण्याला पाणी जवळजवळ नितळ झालं. वारा घालायला लेक बसली होती, ती चकाकी तिलाच आधी दिसली. "आई, बघ, काचेसारखं दिसतंय," म्हणाली. काट्यावर ८० ग्रॅम मोजून घेतला तर मला तो इतका कमी वाटला की पुन्हा मोजला. पण ओल्या बोटांनी पुढे सरकवत नेला तसा कागदभर पुरला, वरची दीड सेंटिमीटर पट्टी मोकळी ठेवूनही. काकडीच्या बिया काढून एकच फोड ठेवली. चटई उचलून भाताची अलीकडची कड पलीकडच्या कडेला टेकवली, आणि रोल चक्क बंद झाला.

आठांपैकी पाच रोल नीट कापले गेले. पहिल्या दोघांत काकडी मधोमध नाही, कडेला गेली. एकाची शिवण उघडली, कारण त्या पट्टीवर मी भात सांडला होता. पण काप पडताना पहिल्यांदाच नोरीचा बारीक कुर्र आवाज आला.

आता एकच प्रश्न. उद्या सात जणी आहेत. सगळे रोल आधी करून ठेवले तर नोरी पुन्हा मऊ पडेल ना?

प्रतिसाद १

पडेल, अर्ध्या-पाऊण तासात. म्हणून उद्या तेमाकी करा, हाताने वळायचे शंकू. झाकलेला भात, उभी चिरलेली सारणं आणि अर्धे कागद मधे मांडा, ज्या त्या मुलीने आपला वळायचा आणि लगेच खायचा. कागद आडवा धरायचा, डाव्या अर्ध्यावर दोन चमचे भात, त्यावर सारण तिरकं, डावा खालचा कोपरा वर दुमडून उरलेला कागद गुंडाळायचा. चटई नको, सुरी नको. एक-दोन फुतोमाकी तेवढे तुम्ही ऐनवेळी करा, दिसायला छान दिसतात.

धागाकर्ती (रविवार, रात्री)

तेमाकीच केले. ६०० ग्रॅम तांदळाचा भात संपला, शेवटी मुली खरवडून घेत होत्या. एकीने काकडीऐवजी नुसता भात आणि तीळ गुंडाळून चार खाल्ले. फुतोमाकी दोन केले, कोळंबी, ऑम्लेट, काकडी. कापायला घेतला तर लेकीने एक अख्खाच मागितला. जपानमध्ये ३ फेब्रुवारीच्या सुमारास सेत्सुबुनच्या सणाला शुभ दिशेकडे तोंड करून अख्खा रोल एक शब्द न बोलता संपवतात, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. वाढदिवसाचा तो सण नव्हे, पण तिने तसाच खाल्ला, खिडकीकडे तोंड करून. सहाही जणी गप्प राहून बघत होत्या. रोल शेवटपर्यंत सुटला नाही.