विषय: मलेरियाच्या लहान रुग्णांना सलाईन भराभर का देत नाहीत?

सप्रेम नमस्कार,
आमच्या शेजारच्या मराठी कुटुंबातील तीन वर्षांची मुलगी गंभीर मलेरियामुळे येथे कंपालात रुग्णालयात आहे. झटके येऊन ती बेशुद्ध झाली होती. आता शुद्धीवर आली आहे. पुण्याहून तिचे आजोबा रोज फोनवर विचारतात की, हातपाय इतके गार पडले असताना सलाईन भराभर का सोडले नाही आणि क्विनाइनऐवजी हे दुसरेच इंजेक्शन कसले. कोणी जाणकाराने कृपया खुलासा करावा.

---

सप्रेम नमस्कार,
मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलीला तपासल्याविना तिच्या उपचारांवर बोलणे उचित नाही, परंतु आजोबांचे दोन्ही प्रश्न सर्वसाधारण आहेत आणि पहिला तर फारच रास्त आहे, कारण हातपाय गार पडलेल्या मुलाला शिरेतून भराभर द्रव द्यावा असेच आम्हीही शिकलो होतो. या समजाला धक्का दिला तो केनिया, युगांडा आणि टांझानियातील ३,१४१ आजारी मुलांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने. त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांना मलेरिया होता. ज्यांना सलाईन किंवा अल्ब्युमिन (रक्तातील एका प्रथिनाचा द्रव) भराभर दिले त्यांच्यापैकी सुमारे १०.५ टक्के मुले ४८ तासांत दगावली. ज्यांना असा द्रव दिला नाही, त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होते. पुढील विश्लेषणात या जादा मृत्यूंमागे फुफ्फुसांत पाणी साचण्यापेक्षा रक्ताभिसरण कोसळणे हे कारण ठळक दिसले. मलेरियात परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि तेथील प्रवाह अडवतात. केवळ द्रव वाढवून हा अडथळा दूर होत नाही. (जुलाबांनी शरीरातले पाणी गेलेल्या मुलांना या चाचणीत घेतलेच नव्हते, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना लावू नये.) संथ गतीने ग्लुकोजयुक्त द्रव मात्र दिला जातो, कारण रक्तातील साखर घसरणे हा या आजारातील मोठा धोका आहे.

इंजेक्शन बहुधा आर्टेसुनेटचे असावे. आफ्रिकेतील नऊ देशांतल्या ५,४२५ मुलांवरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनाइन दिलेल्यांपैकी १०.९ टक्के, तर आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी ८.५ टक्के मुले दगावली. शिवाय क्विनाइनमुळे साखर आणखी घसरू शकते. त्यामुळे आमच्या पिढीचा क्विनाइनवर कितीही विश्वास असला, तरी आता ते आर्टेसुनेट उपलब्ध नसतानाच वापरावे.

---

मनःपूर्वक आभार. आजोबांना आपले पत्र जसेच्या तसे पाठवले आहे. मुलीला लवकरच घरी सोडतील. पुढे कशाची काळजी घ्यावी?

---

इंजेक्शनांनंतर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा तीन दिवसांचा क्रम, ताप गेला तरी, पूर्ण करावा. आर्टेसुनेटनंतर साधारण एक ते चार आठवड्यांत काही रुग्णांच्या तांबड्या पेशी नव्याने फुटतात. म्हणून मूल फिकट दिसले किंवा लघवी गडद झाली तर त्याच दिवशी हिमोग्लोबिन तपासावे, आणि असे काही दिसले नाही तरी तपासणी कधी करायची हे घरी सोडतानाच विचारून ठेवावे. तिला तीव्र रक्तक्षयासाठी रक्त चढवावे लागले असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा: अशा मुलांना घरी गेल्यावर तीन महिने, महिन्यातून एकदा मलेरियाविरोधी औषधाचा पूर्ण क्रम दिल्यास मृत्यू आणि पुन्हा दाखल होणे कमी होते, असे केनिया व युगांडातील २०२० सालच्या चाचणीत आढळले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून या उपायाची शिफारस केली आहे.