रूट भरत आलाय, होम रिकामं, आणि बॉन्ड असूनही सर्व्हर गायब झाला

महापेकर:
नमस्कार मंडळी, महापे एमआयडीसीत छोट्या कंपनीत मी एकटाच सर्व्हर बघतो. रॉकी लिनक्स ८ आहे, १ टीबीच्या दोन डिस्क हार्डवेअर रेड १ मध्ये (दोन्हीवर तोच डेटा). इन्स्टॉल करताना पार्टिशन ऑटोमॅटिकवर सोडलं होतं, त्यामुळे रूटला (सिस्टिमचा मुख्य भाग) ७० जीबी आणि बाकी सगळं होमला (युजरच्या फाइलींचा भाग) गेलं, आता डेटाबेस रूटवरच्या व्हार फोल्डरमध्ये वाढत वाढत रूट ९८ टक्के झालाय आणि होममध्ये जेमतेम १२ जीबी डेटा आहे. दोन्हीवर एक्सएफएस फाइलसिस्टिम, एलव्हीएमवर (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटून देणारी व्यवस्था). होममधले ३०० जीबी काढून रूटला कसे देऊ?

दुसरं म्हणजे परवा रात्री पावसात लाइट गेली, आल्यावर स्विच चालू, बॉन्ड मोड १ (सर्व्हरचे दोन नेटवर्क पोर्ट जोडलेले, एक चालू आणि दुसरा राखीव), दोन्ही पोर्टचे दिवे हिरवे, तरी बाहेरून सर्व्हर दिसेना. तोंडचं पाणी पळालं. ठाण्याहून रिक्षा करून आलो, स्विचची कोअरकडे (मुख्य स्विचकडे) जाणारी केबल सैल होती, दाबून बसवली आणि चालू. मग दोन केबल लावून उपयोग काय?

वागळे_इस्टेटवाला:
भाऊ, आधी होमला हात लावू नकोस. एक्सएफएस वाढवता येतं, असं ३०० जीबीने लहान करता येत नाही, आणि फाइलसिस्टिम तशीच ठेवून नुसतं एलव्हीरिड्यूस (व्हॉल्यूम लहान करायची कमांड) मारलंस तर होमचा डेटा गेलाच समज. पहिल्यांदा 'एलएसओएफ +एल१' चालव, डिलीट केलेले पण प्रोसेसने उघडे धरलेले लॉग दिसतील, ते डीयूमध्ये (फोल्डरचा आकार मोजणारी कमांड) दिसत नाहीत पण जागा खातात. मग होमचा बॅकअप घे (दुसऱ्या मशीनवर, आणि दोन-चार फाइल उघडून बघ), कन्सोलवरून रूटने लॉगिन हो नाहीतर तुझंच शेल होम धरून बसेल, अनमाउंट, जुना व्हॉल्यूम काढ, त्याच नावाने १०० जीबीचा नवा कर, एमकेएफएसने फॉरमॅट, बॅकअप रिस्टोअर, मग रिस्टोअरकॉन (फाइलींची सुरक्षा-लेबलं नीट करायला). एफएसटॅबमध्ये (बूटला काय माउंट करायचं त्याची यादी) मॅपरचा म्हणजे व्हॉल्यूमच्या नावाचा पाथ असेल तर काही बदलायला नको, यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा आयडी) असेल तर नवा टाक. मग एलव्हीएक्सटेंड -आर ने (फाइलसिस्टिमही सोबत वाढते) रूट चालू सर्व्हरवरच वाढतो. सगळी जागा देऊन टाकू नकोस हं, व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमचा सामाईक साठा) मोकळी ठेव, उद्या कुठेही देता येते.

ऐरोलीकर:
बॉन्डची लिंक तपासणी, एमआयआयमॉन, फक्त कार्ड ते स्विच एवढीच तार बघतो. स्विचच्या पलीकडे काय तुटलंय त्याला कळत नाही, म्हणून दिवे हिरवे. दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये असतील तर कुठलीही सेटिंग वाचवणार नाही. दुसरा स्विच घ्या, त्याचा कोअरकडचा मार्गही वेगळा असू द्या, एक केबल ऑनबोर्ड पोर्टवर आणि एक पीसीआय कार्डवर, आणि एमआयआयमॉन काढून एआरपी इंटरव्हल १००० लावा (दर सेकंदाला ठरावीक आयपीला, म्हणजे टार्गेटला, विचारून तपासणी). टार्गेटमध्ये गेटवेसोबत अजून एक आयपी द्या, एकटा गेटवे बंद झाला की बॉन्ड दोन्ही पोर्ट मेलेले धरतो. मोड ४ च्या (दोन्ही पोर्ट एकत्र वापरणारा, एलएसीपी) मोहात पडू नका, दोन सुट्या स्विचवर स्टॅकिंग किंवा एमलॅग (दोन स्विच एकासारखे वागवायची सोय) नसेल तर तो एका वेळी एकाच स्विचचे पोर्ट वापरतो, शिवाय एआरपी मॉनिटरिंग त्यात चालत नाही.

कळव्याची_ताई:
स्विच रीबूट झाल्यावर स्पॅनिंग ट्रीमुळे (नेटवर्कमधले लूप टाळणारी तपासणी) पोर्ट ३० सेकंद ट्रॅफिक सोडत नाही पण लिंक अप दिसते, म्हणून सर्व्हरकडच्या पोर्टवर पोर्टफास्ट (ही वाट न बघता पोर्ट लगेच सुरू करणारी सेटिंग) लाव. आणि टेस्ट कमांडने करू नकोस, खरी केबल उपट. लॅपटॉपवरून पिंग चालू ठेव, प्रॉक-नेट-बॉन्डिंगमधली बॉन्ड०ची फाइल बघ, 'करंटली ॲक्टिव्ह स्लेव्ह' (सध्या चालू असलेला पोर्ट) बदललं पाहिजे. नंतर दुसरी केबल, मग सैल झालेली ती कोअरचीच केबल काढून बघ.

महापेकर:
थँक्यू सगळ्यांना. उघड्या लॉगमध्येच ९ जीबी अडकले होते, सर्व्हिस रीस्टार्ट केल्यावर रूट ८५ वर आला, जीव भांड्यात पडला. होमचं काम रविवारी करतो, बॅकअप आत्ता चालू आहे. आणि दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये होत्या, त्याही ऑनबोर्डच्याच. साहेबांकडे दुसरा स्विच मागितलाय, तो आला की कोअरची केबल मी स्वतः उपटून बघतो.